स्मृती आणि सरहद्द

एखादे राष्ट्र स्वतंत्र झाले म्हणजे पहिल्याच दिवशी जगाचे वकील त्याच्या दारी येऊन उभे राहतात. आणि ज्या देशाजवळ अद्याप स्वतःचे चलन नाही, अनुभवी कारकून-अंमलदारांचा वर्ग नाही, ज्याच्या राजधानीतील कितीतरी इमारतींच्या भिंती अजून जळून काळ्या पडलेल्या आहेत, अशा देशालाही मित्र कोणास म्हणावयाचे, तह कोणाशी करावयाचा आणि फिर्याद कोणावर गुदरावयाची, या प्रश्नांची उत्तरे उसंत न घेता द्यावी लागतात. ही उत्तरे बळाबळाच्या हिशेबातूनच निघतात, फौज किती, खजिना किती, शेजारी किती प्रबळ एवढे पाहिले की धोरण आपोआप ठरते, असे मानणारा एक विचारसंप्रदाय आहे, आणि त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. परंतु हिशेब मांडण्यापूर्वी तो मांडणारा कोण हे ठरलेले असावे लागते. आपण कोण, आपल्यावर काय गुदरले, त्या काळात आपल्या पाठीशी कोण उभे राहिले आणि कोणी पाठ फिरवली, याविषयीची जी एक सामायिक समजूत लोकांच्या मनात घट्ट बसलेली असते तिलाच आपण राष्ट्रीय अस्मिता म्हणतो. आणि नवस्वतंत्र देशाचे परराष्ट्रखाते आपला पहिला खलिता लिहावयास बसते तेव्हा त्याच्या दप्तरात या समजुतीखेरीज दुसरे फारसे काही नसते.

या दृष्टीने अभ्यासण्याजोगा देश म्हणजे आग्नेय आशियातील तिमोर-लेस्ते, ज्याला आपण पूर्व तिमोर म्हणतो. क्षेत्रफळाने तो आपल्या नाशिक जिल्ह्याहून किंचित लहान, लोकसंख्या तेरा लाखांच्या थोडी वर. 20 मे 2002 रोजी तो स्वतंत्र झाला आणि एकविसाव्या शतकात उदयास आलेले पहिले सार्वभौम राष्ट्र म्हणून त्याची नोंद झाली. त्याची घटना उघडून पाहिली तर आठव्या कलमात एक विलक्षण गोष्ट आढळते. परराष्ट्रसंबंधांची तत्त्वे सांगता सांगता हे कलम दोन स्वतंत्र प्रतिज्ञा करते: पोर्तुगीज ही ज्यांची राजभाषा आहे अशा देशांशी जिव्हाळ्याचे संबंध राखण्याची पहिली, आणि शेजारी व त्या प्रदेशातील देशांशी मैत्रीचे विशेष नाते जोडण्याची दुसरी. त्यापाठोपाठ दहावे कलम राष्ट्रीय मुक्तीसाठी झगडणाऱ्या सर्व लोकांशी ऐक्यभाव जाहीर करते. एक प्रतिज्ञा सातासमुद्रापलीकडच्या भाषाबांधवांना दिलेली, दुसरी सरहद्दीवरच्या शेजाऱ्यांना, आणि तिसरी जगातील यच्चयावत पीडितांना. आणि या तिन्ही एकाच वेळी पाळता येणे कठीण आहे, ही गोष्ट मसुदा लिहिणाऱ्यांना उमगली नसेल असे मला वाटत नाही. त्या तिन्ही लिहाव्या लागल्या, कारण त्या देशाची घडण निरनिराळ्या काळांत झाली होती.

पहिला काळ पोर्तुगीजांचा, आणि त्याचा धागा थेट गोव्याशी जोडलेला आहे. चंदनाच्या लोभाने पोर्तुगीज गलबते सोळाव्या शतकात या बेटाला लागली. 1702 साली अंतोनियो कोएल्यो गेरेरो हा पहिला गव्हर्नर लिफाऊच्या बंदरात उतरला तो गोव्याच्या व्हाइसरॉयच्या सनदेने, आणि पुढे एकोणिसावे शतक बरेचसे उलटेपर्यंत तिमोरचा कारभार कधी गोव्याच्या तर कधी मकावच्या तंत्राने चालत असे. बेटाचा पश्चिम भाग डचांनी बळकावला. 1859 च्या तहाने आणि अखेर 1914 च्या हेग येथील लवादाच्या निवाड्याने मधली सरहद्द कायम झाली. म्हणजे जी रेषा पुढे एका राष्ट्राची सीमा ठरावयाची होती ती बेटावरच्या कोणाही माणसाला न विचारता युरोपातील दोन दरबारांनी आखलेली होती. तिच्या पूर्वेस पोर्तुगीजांचा अंमल होता खरा, पण तो वरवरचा होता. रस्ते थोडे, शाळा त्याहून थोड्या, आणि गावोगावचा व्यवहार पूर्वापार चालत आलेल्या ‘लिउराई’ नावाच्या वतनदार सरदारांच्या हाती. असा मुलूख 25 एप्रिल 1974 रोजी लिस्बनमध्ये क्रांती होऊन साम्राज्याचा गाशा गुंडाळला जाऊ लागला तेव्हा अकस्मात स्वतःच्या भवितव्याचा विचार करू लागला.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वश्रुत आहे. पक्ष निघाले, त्यांच्यात यादवी झाली, फ्रेटिलिन पक्षाने 28 नोव्हेंबर 1975 रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, आणि अवघ्या नऊ दिवसांनी, 7 डिसेंबरला, इंडोनेशियाची फौज राजधानी डिलीत उतरली. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्तात सुहार्तो यांचे पाहुणे होते. 1976 च्या जुलैत पूर्व तिमोर हा इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत असल्याचे जाहीर झाले. या काळात गोव्याचा दाखला पुष्कळांच्या ओठी होता: युरोपीय साम्राज्याचा उरलेला एक तुकडा शेजारच्या मोठ्या आशियाई देशात सामील झाला तर त्यात गैर ते काय, असा तो युक्तिवाद. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंडोनेशियाचा निषेध करणारे ठराव आले तेव्हा भारताने इंडोनेशियाच्या बाजूने मत टाकले, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवली पाहिजे. साम्राज्यशाहीचे अवशेष पुसणे आणि प्रस्थापित सरहद्दींच्या आतील फुटीर वृत्तीला थारा न देणे, या दोन निष्ठांवर आपली स्वतःची राष्ट्रीय दृष्टी घडली होती, आणि तिमोरकडे आपण त्याच दृष्टीने पाहिले. मला हे मत त्या वेळीही चुकीचे होते असे वाटते. गोव्याचे सोयरसंबंध, देवदेवस्की आणि बोलीचाली घाटापलीकडच्या मुलुखाशी शतकानुशतके गुंतलेल्या होत्या, आणि पोर्तुगीजांविरुद्धचा लढा खुद्द गोमंतकीयांनी चालवला होता. तिमोरच्या लोकांनी मात्र जावानिवासी राज्यकर्त्यांना कधी बोलावलेले नव्हते, आणि ते येताच हजारोंनी डोंगरांचा आसरा घेतला होता.

दुसरा काळ या चोवीस वर्षांचा, आणि राष्ट्र खऱ्या अर्थाने याच काळात घडले. पुढे नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने काढलेला किमान अंदाज असा, की या वर्षांत संघर्षापायी 1,02,800 माणसे मेली, आणि त्यांतील सुमारे 84,200 भूक व रोगराई यांनी मेली. साडेसहा लाखांच्या वस्तीत हे घडले म्हणजे मृत्यू शिवला नाही असे घर बहुधा उरले नसेल. पण या यातनांच्या बरोबरच आणखी एक प्रक्रिया चालू होती, आणि ती इंडोनेशियाच्याच कायद्याने चालवलेली होती. त्या राज्यात प्रत्येक नागरिकाने सरकारमान्य धर्मांपैकी एकाचे नाव लावावे असा दंडक होता. 1975 साली तिमोरमधील कॅथलिकांचे प्रमाण जेमतेम एक-तृतीयांश होते, बाकीचे पूर्वजांच्या पवित्र घरांना भजणारे. वीस वर्षांत कॅथलिकांची संख्या शेकडा नव्वदांवर गेली. पोर्तुगीज भाषेला शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार केल्यावर प्रार्थना कोणत्या भाषेत करावयाची असा प्रश्न चर्चपुढे आला, आणि चर्चने इंडोनेशियन भाषा न स्वीकारता तेतुम ही लोकभाषा स्वीकारली. चर्च हीच एक अशी जागा उरली की जिथे माणसे जमू शकत, स्वतःच्या बोलीत बोलू शकत, आणि ज्या संस्थेचा वरिष्ठ जकार्तात नसून रोममध्ये होता. पोर्तुगीजांना साडेचारशे वर्षांत जे साधले नव्हते ते इंडोनेशियाच्या अंमलाने पाव शतकात साधले: डोंगरा-डोंगरांत विखुरलेल्या, दहा-पंधरा भाषा बोलणाऱ्या लोकांना आपण एक आहोत अशी खूण पटली.

याच काळात त्यांच्या परराष्ट्रधोरणाचाही जन्म झाला, राष्ट्र जन्मण्यापूर्वी सत्तावीस वर्षे. आक्रमणाच्या तोंडावर जोझे रामोस-होर्ता हा पंचविशीतला तरुण देशाबाहेर पडला आणि त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेपुढे उभा राहिला. त्याच्यापाशी खजिना नव्हता, शस्त्र नव्हते, भूमीही नव्हती. होते ते फक्त कायद्याचे कलम. सुरक्षा परिषदेने फौजा मागे घेण्याचा ठराव केला, पण त्याची कोणी फिकीर केली नाही. आमसभेत पाठिंबा हळूहळू घटत गेला, आणि 1982 साली 50 विरुद्ध 46 अशा निसटत्या बहुमताने ठराव संमत झाल्यावर पुन्हा मतास टाकण्याची हिंमत कोणी केली नाही. परंतु त्या सर्व वर्षांत जी राष्ट्रे न डगमगता तिमोरची बाजू मांडत राहिली ती कोण? मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, साओ तोमे: पोर्तुगीजांच्या जोखडातून नुकतीच सुटलेली, स्वतः दारिद्र्याने गांजलेली आफ्रिकी राष्ट्रे. मोझांबिकच्या मापुतो शहरात तिमोरच्या निर्वासित नेत्यांना आसरा मिळाला. पुढे पहिले पंतप्रधान झालेले मारी अल्कातिरी यांनी आपले वनवासाचे दिवस तेथेच काढले. आणि कायद्याच्या दृष्टीने या प्रदेशाचा प्रशासक अजूनही पोर्तुगालच असल्यामुळे जकार्ताशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा अधिकार जगात एकट्या लिस्बनला होता.

12 नोव्हेंबर 1991 रोजी डिलीतील सांता क्रूझ स्मशानभूमीत जमलेल्या तरुणांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, आणि एका इंग्रज पत्रकाराने त्याचे केलेले चित्रण बाहेर पोहोचले, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. कबरींच्या अरुंद वाटांमधून जीव घेऊन पळणारी, दगडी थडग्यांआड दबून बसलेली ती मुले पोर्तुगीज भाषेत मोठ्याने प्रार्थना करीत होती. सोळा वर्षांपूर्वी ज्या भाषेची शाळा बंद झाली होती ती भाषा मरणाच्या दारात त्यांच्या तोंडी आली, हे पाहून लिस्बनमध्ये घरोघर लोक हळहळले. 1996 साली बिशप कार्लोस बेलो आणि रामोस-होर्ता यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. 1998 साली सुहार्तो पायउतार झाले. त्यांच्यामागून आलेल्या हबीबी यांनी सार्वमताला मान्यता दिली, आणि 30 ऑगस्ट 1999 रोजी शेकडा 78.5 मतदारांनी इंडोनेशियात राहण्याचा पर्याय नाकारला. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत सैन्याच्या पाठबळावर माजलेल्या टोळ्यांनी देशाची राखरांगोळी केली, आणि ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय फौज 20 सप्टेंबरला उतरेपर्यंत ती थांबली नाही.

हा पूर्वेतिहास ध्यानात घेतला म्हणजे 2002 नंतरच्या तीन निर्णयांचा उलगडा होतो.

पहिला निर्णय भाषेचा. तेतुमबरोबर पोर्तुगीज ही राजभाषा झाली, आणि स्वातंत्र्याबरोबरच तिमोर पोर्तुगीज भाषक राष्ट्रांच्या समुदायात दाखल झाले. त्या वेळी पोर्तुगीज नीट बोलू शकणारे लोक अगदी थोडे होते. पंचविशी-तिशीतल्या सबंध पिढीचे शिक्षण इंडोनेशियन भाषेत झाले होते, आणि आपल्याला न येणारी भाषा न्यायालयात व कचेरीत चालणार हे ऐकून त्या पिढीला आपल्याच राज्यात परके झाल्यासारखे वाटले. त्यांची तक्रार खरी होती, आणि ती आजही पूर्णपणे मिटलेली नाही. परंतु निर्णय घेणाऱ्यांच्या मनात दोन गोष्टी होत्या. उत्तरेस वीस कोटींहून अधिक वस्तीचा इंडोनेशिया आणि दक्षिणेस ऑस्ट्रेलिया यांच्या मध्ये सापडलेल्या देशाने दोघांपैकी एकाची भाषा उचलली असती तर पन्नास वर्षांत तो त्या शेजाऱ्याचे उपांग होऊन बसला असता, अशी त्यांना धास्ती होती. आणि अडचणीच्या दिवसांत मत देणाऱ्या मित्रांशी कृतज्ञता राखणे हे त्यांना कर्तव्य वाटत होते. ती कृतज्ञता कागदावर राहिली नाही. 2012 साली गिनी-बिसाऊत लष्करी उठाव झाल्यानंतर तेथे संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी म्हणून रामोस-होर्ता गेले, आणि तेथील निवडणुकीच्या तयारीसाठी तिमोरने स्वतःच्या तिजोरीतून पैसा दिला.

दुसरा निर्णय इंडोनेशियाविषयीचा, आणि तो मला सर्वांत अधिक विचार करावयास लावतो. डिली शहराच्या पूर्वेस समुद्रात घुसलेल्या एका टेकडीवर येशू ख्रिस्ताचा भव्य पुतळा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. तो सुहार्तो यांच्या राजवटीने 1996 साली उभारला. त्याची उंची 27 मीटर ठेवली, कारण हा सत्ताविसावा प्रांत. विजेत्याने पराजितांच्या उरावर बसवलेली ही खूण स्वातंत्र्यानंतर सुरुंग लावून उडवली असती तर कोणी दोष दिला नसता. तिमोरच्या लोकांनी ती तशीच ठेवली, आणि आज पहाटे पायऱ्या चढून तिच्या पायाशी प्रार्थना करणाऱ्यांची तेथे रीघ असते. 2019 साली त्याच शहरातील एका पुलाला हबीबी यांचे नाव देण्यात आले. त्यापूर्वी काही आठवडे स्वातंत्र्यलढ्याचे नेते शनाना गुस्माँव, जे स्वतः इंडोनेशियाच्या तुरुंगात जवळजवळ सात वर्षे कैदी म्हणून राहिले होते, जकार्ताच्या रुग्णालयात जाऊन मरणोन्मुख हबीबींच्या गळ्यात पडले होते.

हे सौजन्य व्यक्तिगत स्वभावाचे नव्हते. ते राज्याचे धोरण होते. 2003 साली संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने चालणाऱ्या डिलीतील अभियोक्त्यांनी इंडोनेशियाचे माजी सरसेनापती विरांतो यांच्यावर आरोपपत्र ठेवले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष गुस्माँव यांनी त्यापासून अंग काढून घेतले, आणि पुढल्या वर्षी बालीत विरांतोंची गळाभेट घेतली. दोन्ही सरकारांनी मिळून सत्य व मैत्री आयोग नेमला. 2008 साली त्याने इंडोनेशियाच्या सैन्यसंस्थेवर जबाबदारी स्पष्टपणे ठेवली, परंतु कोणावर खटला भरण्याची शिफारस केली नाही. जमिनीची सरहद्द सामायिक, तिमोरचाच ओएकुस्सी हा तुटक मुलूख तर चहूकडून इंडोनेशियाने व समुद्राने वेढलेला, बाजारातील तांदळापासून मोटारसायकलीपर्यंत सारा माल तिकडून येणारा, विद्यार्थी तिकडच्या विद्यापीठांत शिकणारे; अशा शेजाऱ्याशी दावा मांडून राहावयाचे कसे, हा प्रश्न होताच. पण केवळ निरुपायाने हे झाले असे म्हणणे अपुरे ठरेल. लढ्याच्या काळातच तेथील नेत्यांनी आपला शत्रू सुहार्तोंची लष्करशाही आहे, इंडोनेशियन रयत नव्हे, अशी मांडणी केली होती. जकार्तातील लोकशाहीवादी विद्यार्थी आणि वकील त्यांचे सहकारी होते. लष्करशाही कोसळताच त्या मांडणीनुसार शत्रू उरलाच नाही.

तथापि या क्षमेची किंमत कोणी दिली हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या मुलांची प्रेते सांता क्रूझनंतर सापडली नाहीत, ज्यांच्या समजुतीप्रमाणे अस्थींना माती मिळाल्याखेरीज मृताला विश्रांती नाही, अशा घरांतल्या लोकांना कोणी विचारले नव्हते. 1999 साली सुआई येथील चर्चमध्ये झालेल्या कत्तलीचा आरोप असलेला एक माणूस 2009 साली तिमोरमध्ये पकडला गेला. सार्वमताच्या दहाव्या वाढदिवशी, त्या समारंभाला इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री आले असता, न्यायालयाच्या हुकमाशिवाय त्याला कैदेतून काढून इंडोनेशियाच्या हवाली करण्यात आले. सुआईच्या विधवांना त्या दिवशी आपल्या सरकारविषयी काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. राष्ट्राने क्षमा केली असे आपण लिहितो तेव्हा ती ज्यांच्या वतीने केली ते बहुधा त्या खोलीत नसतात.

तिसरा निर्णय ऑस्ट्रेलियाविषयीचा, आणि येथे तीच स्मृती अगदी उलट्या दिशेने धावली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी लढणाऱ्या ऑस्ट्रेलियन सैनिकांना तिमोरच्या खेडुतांनी अन्न दिले, लपवले, आणि त्यापायी जपान्यांच्या हातून मरण पत्करले. त्याच ऑस्ट्रेलियाने पुढे इंडोनेशियाच्या कब्ज्याला विधिवत मान्यता दिली, आणि 11 डिसेंबर 1989 रोजी तिमोर समुद्राच्या वर उडणाऱ्या विमानात बसून दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शॅम्पेनचे पेले उंचावून त्या समुद्राखालचे तेल वाटून घेण्याच्या करारावर सह्या केल्या. ज्यांचा समुद्र ते खाली मरत होते. पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दावा लावला. 1995 साली न्यायालयाने इंडोनेशिया पक्षकार नसल्यामुळे निकाल देता येत नाही असे सांगितले, तरी तिमोरच्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायम असल्याचे नमूद केले.

स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, 2002 च्या मार्चमध्ये, ऑस्ट्रेलियाने सागरी सीमेचे वाद आंतरराष्ट्रीय न्यायासनांच्या अधिकारातून वगळले. म्हणजे नवा देश जन्मास येण्यापूर्वीच त्याच्यापुढचे न्यायालयाचे दार बंद झाले होते. मग वाटाघाटी झाल्या. 2006 च्या कराराने ग्रेटर सनराइज या मोठ्या वायुक्षेत्राचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून घ्यावे आणि सीमेचा प्रश्न पन्नास वर्षे काढू नये असे ठरले. पुढे उघडकीस आले ते असे, की 2004 साली मदतीच्या नावाखाली डिलीतील मंत्रिमंडळाच्या कचेरीची डागडुजी चालू असताना ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचरांनी भिंतींत श्रवणयंत्रे बसवली होती, आणि वाटाघाटीतील तिमोरचा पवित्रा समोरच्या पक्षाला आधीच ठाऊक होत असे, असे सांगणारा साक्षीदार त्या गुप्तचर खात्यातूनच पुढे आला. 2013 च्या डिसेंबरात तिमोरच्या वकिलाच्या कॅनबेरातील कचेरीवर छापा पडला, तेव्हा तिमोरने हेगला धाव घेतली आणि जप्त कागद मोहोरबंद ठेवण्याचा हुकूम मिळवला.

यानंतर गुस्माँव यांनी जे पाऊल उचलले ते कायद्याच्या इतिहासात प्रथमच उचलले जात होते. सागरी कायद्याच्या संहितेत सक्तीच्या समेटाची एक तरतूद आहे. न्यायालयाचा अधिकार नाकारणाऱ्या देशालाही समेट-आयोगासमोर हजर राहावे लागते, मग आयोगाचे मत बंधनकारक नसले तरी चालेल. तोपर्यंत कोणीही न वापरलेले हे कलम तिमोरने 2016 साली उपयोगात आणले. त्याच वर्षी डिलीतील ऑस्ट्रेलियन वकिलातीपुढे हजारो लोक जमले होते, आणि समुद्राची मध्यरेषा ही ज्यांनी कधी नकाशा पाहिला नसेल अशा माणसांच्याही तोंडची मागणी झाली होती, कारण नेत्यांनी ती स्वातंत्र्यलढ्याचा अखेरचा टप्पा म्हणून मांडली होती. 6 मार्च 2018 रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुतेरेस यांच्या उपस्थितीत करार झाला, आणि सीमा बहुतांशी मध्यरेषेनुसार ठरली. 1999 साली सार्वमताच्या दिवसांत हेच गुतेरेस पोर्तुगालचे पंतप्रधान होते. करार अमलात आला तो दिवसही मुद्दाम निवडलेला होता: 30 ऑगस्ट 2019, सार्वमताला वीस वर्षे पूर्ण झाली तो.

एका शेजाऱ्याला क्षमा आणि दुसऱ्यावर फिर्याद, यात विसंगती आहे असे पुष्कळांनी म्हटले आहे, आणि मारणाऱ्याला सोडून दुर्लक्ष करणाऱ्याला धरले असा आरोपही झाला आहे. मला त्यात एक सुसंगती दिसते. ऑस्ट्रेलिया हे कायद्याच्या राज्याचा अभिमान बाळगणारे, लोकमताला लाजणारे राष्ट्र; त्याच्या स्वतःच्या नागरिकांत तिमोरविषयी अपराधभाव होता, आणि जुने सैनिक, धर्मगुरू, मजूरसंघ डिलीची बाजू घेऊन बोलत होते. अशा राष्ट्रापुढे स्मृती मांडली तर तिचा परिणाम होतो. इंडोनेशियाची नवी लोकशाही तेव्हा कोवळी होती आणि लष्कर तिच्या शेजारीच दबा धरून होते. तेथे तीच स्मृती मांडली असती तर लष्करालाच बळ मिळाले असते. अस्मिता परराष्ट्रधोरण घडवते खरी, पण तिच्यातील कोणती आठवण कोणत्या दारी न्यावयाची हे मुत्सद्दी माणसेच ठरवतात, आणि गुस्माँव व रामोस-होर्ता यांची बुद्धी या निवडीत दिसते.

घटनेच्या दहाव्या कलमाची कसोटी मात्र अजून चालू आहे. पश्चिम सहाराच्या लोकांवरही 1975 च्या अखेरीस, स्पेनने काढता पाय घेताच, शेजारच्या मोरोक्कोने कब्जा केला. तिमोरने स्वातंत्र्याच्या दिवसापासून त्यांच्या प्रजासत्ताकाला मान्यता दिली आहे, आणि डिलीत त्यांची वकिलात आहे. मोरोक्को दूर आहे. परंतु इंडोनेशियाच्या ताब्यातील पश्चिम पापुआचे लोक जवळजवळ तिमोरच्याच शब्दांत आपले गाऱ्हाणे सांगतात तेव्हा डिलीचे सरकार मौन धरते, आणि पापुआ हा इंडोनेशियाचा अंतर्गत प्रश्न असल्याचे सांगते. हे मौन पाहून मला दुःख होते, आणि तरी त्या सरकारच्या जागी बसून दुसरे काय करता आले असते हे मला सांगता येत नाही.

आसियान संघटनेच्या सभासदत्वासाठी तिमोरने 2011 च्या मार्चमध्ये अर्ज केला, आणि 26 ऑक्टोबर 2025 रोजी क्वालालंपूर येथे अकरावा सभासद म्हणून त्याला प्रवेश मिळाला. मधली साडेचौदा वर्षे त्याची प्रशासकीय कुवत अपुरी असल्याची सबब सांगितली जात होती. त्या अर्जाचा सर्वांत आग्रही पुरस्कर्ता इंडोनेशिया होता, ही गोष्ट दुसऱ्या निर्णयाचे फळ म्हणून नोंदवली पाहिजे. एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे हा या संघटनेचा मूलमंत्र. पण म्यानमारात लष्कराने सत्ता बळकावल्यावर तिमोरने पदच्युत लोकशाहीवाद्यांच्या प्रतिनिधींना आपल्या समारंभाला बोलावले, आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये म्यानमारच्या लष्करशहांनी तिमोरच्या राजदूतावासाच्या प्रमुखाला देश सोडण्यास फर्मावले. लष्कराच्या बुटाखाली दिवस काढलेल्या माणसांना या बाबतीत गप्प बसणे जमले नाही. आता एकाच मेजाभोवती बसल्यावर ते जमवतात की नाही हे पाहावयाचे. भारतानेही या राजधानीकडे उशिरा का होईना लक्ष दिले. 2024 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू डिलीस गेल्या, आणि भारतीय राष्ट्रप्रमुखाची ती तेथील पहिलीच भेट होती.

दरम्यान देशात अशी एक पिढी वयात आली आहे की जिला व्यापलेला तिमोर आठवत नाही. तिची चिंता रोजगाराची आहे. कोणी ऑस्ट्रेलियाच्या मळ्यांवर फळे तोडावयास जातो, कोणी कोरियातील कारखान्यात. आणि स्वातंत्र्यापूर्वी जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क असल्यामुळे कित्येक कुटुंबांनी, आपल्या गोव्यातील आणि दमणमधील कुटुंबांप्रमाणेच, त्या पारपत्रावर इंग्लंड व उत्तर आयर्लंडपर्यंत मजल मारली. लिस्बनशी राखलेल्या नात्याचा हा उपयोग घटना लिहिणाऱ्यांच्या मनात नसेल, पण डोंगरातल्या गावांना पैसा येतो तो बराचसा याच वाटेने.

राज्याचा स्वतःचा खर्च आजवर चालला तो समुद्रातील तेलाच्या महसुलावर, नॉर्वेच्या धर्तीवर 2005 साली स्थापलेल्या निधीतून. आणि ज्या बायू-उंदान क्षेत्राने हा निधी भरला ते आटले आहे. ग्रेटर सनराइज 1974 पासून ज्ञात असूनही अद्याप उघडलेले नाही. 2018 च्या कराराप्रमाणे वायू तिमोरच्या किनाऱ्यावर आणला तर उत्पन्नाचे शेकडा 70 तिमोरला मिळावयाचे, डार्विनला नेला तर 80. आणि तरीही गुस्माँव यांचा हट्ट असा, की नळ तीन हजार मीटर खोल सागरी दरी ओलांडून आपल्याच दक्षिण किनाऱ्यावर आला पाहिजे. त्यासाठी 2019 साली सरकारने पासष्ट कोटी डॉलर मोजून या क्षेत्रातील 56.56 टक्के भाग परकीय कंपन्यांकडून विकत घेतला. स्वतःच्या समुद्रातील संपत्ती स्वतःच्या भूमीवर उतरावी, तिच्याभोवती आपल्या मुलांना काम मिळावे, ही आकांक्षा ज्यांना आपला समुद्र विमानात बसून वाटला गेल्याची आठवण आहे त्यांना शोभणारी आहे. पण निधीतून दर वर्षी जितके काढले जाते तितके त्यात पडत नाही, कंपन्यांशी वाटाघाटी वर्षानुवर्षे लांबल्या आहेत, आणि सीमेच्या दाव्यात ज्या निर्धाराने तिमोरला यश दिले तोच निर्धार व्यापारी सौद्यात त्याला कितपत परवडेल याविषयी डिलीतच दोन पक्ष आहेत. माझे मत असे, की नळ कोणत्या किनाऱ्याला लागावा याचा निर्णय निधीत अजून पैसा आहे तोवरच व्हावा. रिकाम्या तिजोरीने वाटाघाटीस बसण्याची पाळी या देशावर 2002 साली एकदा येऊन गेली आहे.